एक काना

फोन आला तेव्हा विनेश लॅपटॉपसमोरच बसला होता.

"अहो, एसटी माणगावच्या नाक्यावरच अडकलीय, हलायचं नाव घेत नाही," त्याची बायको पूनम म्हणाली. "लेख सहाच्या आत जायला हवा. पान उघडंच ठेवलंय. फाईल जोडायची आणि निळं बटण दाबायचं. नाव कुठे घालायचं नसतं, नुसता नोंदणी क्रमांक, त्यावरून त्यांना कळतं. तो मी घातलाय."

"दाबतो की. त्यात काय एवढं."

"आणि जसाच्या तसा पाठवा. हात लावू नका."

फोन तुटला. साडेचार वाजले होते.

शालेय नेतृत्वाचा हा पदव्युत्तर कोर्स दोन वर्षांचा, सगळा ऑनलाइन. हा शेवटचा लेख गेला की संपला. खाडीकाठच्या त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक मे महिन्यात निवृत्त होणार होते आणि संस्थेचे अध्यक्ष धर्माजी यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "ज्या शिक्षकाकडं ह्यो कागद, खुर्ची त्याची." विनेश तिथे एकोणीस वर्षं गणित शिकवत होता. त्याला ती खुर्ची हवी होती. अगदी मनापासून हवी होती, खोटं कशाला बोला.

पूनम त्याच शाळेत मराठी शिकवायची. "फॉर्म तू भर," त्याने तिला सांगितलं होतं, "ते ओटीपी-बिटीपी मला झेपत नाही." तिने फॉर्म भरला. शिफारसपत्रावर धर्माजींची सही तिनेच आणली. पुढे दर रविवारी दहा ते एक लॅपटॉपसमोर बसली तीही तीच. विनेश तेवढ्यात जेट्टीवर जाऊन ताजी मासळी घेऊन यायचा.

एकदा त्याने विचारलंही, "कोणी हटकत नाही ना गं तुला?"

"मला कशाला हटकतील?" ती म्हणाली.

बायकोच्या हुशारीचं त्याला कौतुक वाटलं. कधी जेवताना ती सांगायची, "निर्णय घेण्याआधी समोरच्याला विचारावं, असं म्हणाले आज." "बरोबर आहे," म्हणत तो आमटी वाढून घ्यायचा.

आता त्याने फाईल उघडली. नुसती वाचायला. लेखाचं नाव होतं, 'दोन वर्षांत मी काय शिकले'.

विनेश हबकलाच. शिकले? मराठीच्या बाई आणि असली चूक! खाली तर जिकडेतिकडे तेच. 'स्टाफरूममध्ये मी कायम गप्प बसले.' 'पहाटे पाचला उठून सगळ्यांचे डबे करते, मग शाळेत जाते.' 'माझ्या वतीने दुसरेच ठरवत आले आणि मी मान डोलावत राहिले.' परीक्षकाने हे वाचलं असतं तर कारभार आटोपलाच होता. दुसऱ्या कुणी लिहून दिलंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

सवयीने लिहून गेली बिचारी, असं म्हणत तो दुरुस्तीला बसला. काम तसं सोपं होतं. नुसता एक काना द्यायचा. 'शिकले'चं 'शिकलो', 'बसले'चं 'बसलो'. डब्यांपाशी मात्र तो थबकला. आपण कधी डबे केलेत? पण परीक्षकांना असलं आवडत असावं. त्याने 'करते'चं 'करतो' केलं. एकूण एकोणतीस काने झाले.

पुन्हा वाचला तर लेख झकास उतरला होता. कुणी सोसलेला, शहाणा माणूस बोलतोय असं वाटत होतं. विनेशला स्वतःबद्दल भरूनच आलं. पावणेसहाला त्याने निळं बटण दाबलं.

पूनम दिवेलागणीला घरी पोचली. चप्पल काढायच्या आधी तिने विचारलं, "गेला?"

"गेला."

"हात नाही ना लावलात?"

"छे," तो म्हणाला. दमून आलेल्या बायकोला तिची चूक दाखवून कशाला लाजवा, असा विचार त्याने केला. ती तशीच खुर्चीवर टेकली. तिचे डोळे पाणावले होते. कोर्स संपला म्हणून त्यालाही बरं वाटलं.

महिन्याभराने धर्माजी स्वतः स्टाफरूममध्ये आले. हातात विद्यापीठाचं पत्र होतं. विनेशने अलिबागहून पेढे मागवून ठेवले होते, पुडा टेबलाच्या खणात होता. पूनम खिडकीशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"खुर्चीचा निकाल लागला," धर्माजी म्हणाले. "पहिला वर्ग हाय. परीक्षकानं लेखाखाली दोन ओळी लिवल्यात, त्या आधी वाचतो."

त्यांनी चष्मा चढवला. विनेश पुडा घेऊन अर्धा उठला.

धर्माजी एकेक शब्द लावत वाचू लागले, "लेख प्रांजळ आणि उत्तम आहे. फक्त एक कळलं नाही, पूनमताई. स्वतःबद्दल लिहिताना तुम्ही सगळीकडे पुल्लिंग का वापरलंत?"