पाहिलेला चेहरा

माणसाच्या लक्षात चेहरा राहतो, पण तो कुठे पाहिला ते राहत नाही, यावर प्राध्यापक दहा वर्षं डोकेफोड करत होते. गेल्या महिन्यात प्रयोगासाठी पडद्यावर चाळीस अनोळखी चेहरे दाखवायचे होते. ऐनवेळी एक फोटो कमी पडला, म्हणून त्यांनी बिनदिक्कत स्वतःचाच घुसवला आणि काचेआडून गंमत बघत बसले.

आज भर बाजारात एका शिवणकामवाल्या बाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला. "हाच तो! यानेच माझी पर्स पळवली!"

पोलीस चौकीत पोचेपर्यंत प्राध्यापकांना बाई कोण ते आठवलं. "अहो बाई, तुम्ही आमच्या प्रयोगाला आला होतात ना? तिथे पडद्यावर पाहिलंत मला!"

"आले होते. पण हा तिथे नव्हताच," बाई ठामपणे म्हणाल्या.

"साहेब, बाई खोटं बोलत नाहीयेत," प्राध्यापक काकुळतीला आले. "चेहरा त्यांनी नक्की पाहिलाय, फक्त कुठे ते विसरल्यात. माझा प्रबंधच आहे यावर!"



साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "बाई खोटं बोलत नाहीत, आणि चेहरा तुमचाच. बसा, तुमच्याच शब्दांत लिहून घेतो."