मामांचं ॲव्हरेज

“सातास सहा. बसवराज जिंकला.” रामलिंगमामांनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं. “आता कुणी तोंड वाकडं करायचं न्हाई. आकडा बोलला.”

पुनमनं लॅपटॉप आपल्याकडं ओढला.

जळकोटच्या त्या घरात चार महिने दोन स्थळांवरून रण माजलं होतं. एक लातूरचा बसवराज, दालमिलवाला. ते स्थळ मामांनी आणलेलं. दुसरे कंधारचे शिवलिंग गुरुजी. ते पुनमनं स्वतः शोधून काढलेले. पुनमला सव्विसावं लागलं होतं. कॉम्प्युटर क्लासमध्ये ती पोरांना स्प्रेडशीट शिकवायची, आणि बाप गेल्यापासून घरात तिच्या शब्दाला वजन होतं. पण उदगीरला कापडाचं दुकान चालवणारे मामा काही कुणाचं ऐकणारे नव्हते. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. घरच्या सातही जणांनी दोघांना दहापैकी गुण द्यायचे. ज्याचं ॲव्हरेज जास्त, त्याच्याशी सोयरीक.

“मामा, एकेकाचे आकडे बघा की,” पुनम म्हणाली. “बसवराजला तुम्ही दहा दिले, मामींनी दहा. बाकी कुणी सहाच्या वर गेलं न्हाई. गुरुजींना तुम्ही दोघांनी एक-एक दिला. आजी आणि शेषेरावकाकांनी आठ, मी आणि शिवमनं नऊ. दोन माणसांनी सगळं ॲव्हरेज ओढून नेलं.”

“मग? आमचा आकडा म्हंजे आकडा न्हाई का?”

“हाय की. पण टोकाचा हाय. मीडियन लावा. सगळे आकडे चढत्या क्रमानं उभे करायचे आणि मधला धरायचा. टोकाच्यानं कितीबी ओढलं तरी मधला जागचा हलत न्हाई.”

तिनं फंक्शन बदललं. बसवराज सहा, गुरुजी आठ. तिच्या धाकट्या भावानं, शिवमनं टाळी वाजवली.

मामा डगमगले नाहीत. ते मुरलेले व्यापारी होते.

“सौदा ठरल्यावर तराजू बदलून राहिलीस तू. ठरलं होतं ॲव्हरेज. मीडियनचं नाव कुणी काढलं होतं का? मग आता न्हाई.”

बोलणं बिनतोड होतं.

पुनमला कंधारचा दिवस आठवला. गुरुजींनी स्वतः चहा केला होता आणि पहिला कप आईच्या हातात दिला होता. परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसून काहीतरी गुणगुणत होती. बाप गेल्यावर ते पहिल्यांदाच. दालमिलवाल्याच्या बंगल्यात मात्र तासभर नव्या मशिनीच्याच गप्पा झाल्या होत्या, आणि पाणी मागून घ्यावं लागलं होतं.

तिनं पुन्हा पडद्याकडं पाहिलं. सातवी ओळ आईची. तिथं आकडा नव्हताच. दोन्ही रकान्यांत आईनं शिवमकडून एकच लिहवून घेतलं होतं, ‘तुम्ही ठरवा’.

“आणि आईचं काय?” पुनमनं विचारलं.

“तिनं आकडा दिला न्हाई. ॲव्हरेज नुसते आकडे धरतं, शब्द सोडून देतं, ते मलाबी ठावं हाय.”

“हाव. ॲव्हरेज तिला मोजतच न्हाई. त्याचं एक भावंड हाय, ॲव्हरेज-ए. ते मोजतं, पण शब्दाला शून्य धरतं.” पुनमचा आवाज चढला. “एकाच्या हिशेबी आई घरातच न्हाई, दुसऱ्याच्या हिशेबी ती शून्य. मला दोन्ही मान्य न्हाई. घरच्या सात जणांनी, असं तुम्हीच म्हणलात ना मामा? मग सहाच कसे?”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. “राहू द्या ना हे सगळं,” ती म्हणाली. “कशाची घाई हाय? लोक आधीच तोंडाला येईल ते बोलून राहिलेत.”

“लोकांची ओळ या शीटमध्ये न्हाई, आई.”

बाजेवरून गुरम्माआजी बोलली, “दे गं आकडा. सगळं दुसऱ्यानं ठरिवलं तसं केलंस आजवर. एक डाव तरी तोंड उघड.”

मामांनीच लॅपटॉप बहिणीपुढं सरकवला. “टाक अक्का. मनात असंल ते टाक. मी काय बोलणार न्हाई.”

आईनं पदराला हात पुसले. बसवराजपुढं तिनं दोन टाकले. गुरुजींच्या रकान्यात बोट बराच वेळ घुटमळलं आणि तिनं एक दाबला. मामींनी सुटकेचा श्वास टाकला.

मग आईनं त्यापुढं शून्य दाबलं.

ॲव्हरेज मामांनी स्वतः लावलं. बसवराज सव्वासहाच्या जरा वर. गुरुजी साडेसहाच्या वर. मीडियन तर आधीसारखंच, सहास आठ.

“दोन्हीत गुरुजी!” शिवम ओरडला.

मामा एकदम खदखदून हसले. “हारलो बाबा! लई पक्की निघाली भाची. आता लगीन मीच लावून देणार. एक दोराबी उदगीरच्या बाहेरचा येऊ देत न्हाई, बघा.”

शब्दाला ते जागले. लग्नाच्या सकाळी कार्यालयाच्या दारात सनई लागली होती आणि मामा नवं धोतर सावरत सगळीकडं पळत होते. आतल्या खोलीत पुनम मोरपंखी इरकल नेसून, हातभर हिरव्या बांगड्या भरून आरशासमोर उभी होती. कालपासून तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं नव्हतं.

“आटपा गं!” मामांनी दारातून हाळी दिली. “गुरुजींची माणसं आली. लगीन लावायला जंगमस्वामी वाट बघून राहिलेत.”

पुनमचे डोळे भरून आले, पण तिनं पाणी गालावर येऊ दिलं नाही. ताटातल्या मुंडावळ्या तिनं दोन्ही हातांनी उचलल्या, आणि आईच्या कपाळावर बांधल्या.