दारावरचं नाव

ट्रकच्या दारावर, ह्यांच्या बाजूला, पिवळ्या रंगात ‘इंदुमती’ लिहिलंय. ह्यांची पहिली बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली, तरी रोज गाडी काढताना हे त्या नावाला हळदकुंकू लावतात आणि दार थोपटून म्हणतात, "चल गं इंदू." मला दोन वर्षांत इतक्या मायेनं एकदाही हाक मारली नाही.

परवा हट्टानं मीही शेजारी जाऊन बसले. गुळाच्या ढेपा भरून आम्ही आंबा घाट उतरत होतो. माझ्या बाजूला दरी. हे प्रत्येक वळणावर खिडकीतून हात काढून दार थोपटत होते आणि माझा नुसता जळफळाट होत होता. तेवढ्यात ब्रेक खाली गेला, तो वर आलाच नाही.

"घट्ट धर!" ओरडत ह्यांनी गाडी उजवीकडे, डोंगरावर घातली. ह्यांचं दार कातळाला घासत, किंचाळत गेलं आणि गाडी थांबली.

दाराचा पत्रा आत आला होता, नाव पार खरवडून गेलं होतं. ह्यांच्या कोपरातून रक्त गळत होतं. मला वाटलं, आता हे नावासाठी रडणार. पण हे मलाच चाचपत होते, "तुला कुठं लागलं का?"

पेंटरकडे गेल्यावर म्हणाले, "आता तुझं नाव लिहू या."

"नको. मार तिनं खाल्लाय, तिचंच लिहा," मी म्हटलं. "पण ‘चल गं’ म्हणायचं, ते शेजारच्या सीटकडे बघून."