परतभेट
पहाटेच आई रविवारचे बूट घालून, मिठाईचा रिबीन बांधलेला खोका मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. जन्मभर व्हेसुवियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहिलेली ती आज पहिल्यांदाच वर निघाली होती. वाटेत पॉम्पेईचे अवशेष पाहिले. राखेतून काढलेल्या प्रत्येक घरात ती डोकावली. “म्हणजे यांच्याकडेही हाच येऊन गेला,” डोंगराकडे बघत म्हणाली. मी भुकेने खोक्याला हात लावला की चापट बसायची. “पहिल्यांदा कुणाकडे रिकाम्या हाताने जातात का, नुन्झिया?” ज्वालामुखीच्या मुखाच्या काठावर तिला धाप लागली, पण डोळे पोरीसारखे लकाकत होते. खाली फटींतून वाफ निघत होती. “घरीच आहे,” कुजबुजली. मग केस सारखे करून तिने खोका पुढे धरला. “चव्वेचाळीस साली तू न बोलावता, आगीसकट आमच्या स्वयंपाकघरात शिरलास. आज मीही आले. झाली फिट्टंफाट. पुन्हा यायची तसदी घेऊ नकोस.”