टाकीजवळचा सिग्नल

पोस्टाने आलेलं पाकीट शलाकाने फोडलं. पाण्याच्या टाकीजवळचा सिग्नल तोडल्याचं चलान होतं. गाडी तिची, आणि तारीख सासरे गेले तीच.

दोन महिने सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होत्या, "रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलला थांबणारी बाई ही! माझ्या माणसाला दवाखान्यात वेळेवर कशी पोचवणार?" शलाकाने कधी उलट उत्तर दिलं नाही. त्या दुपारचं तिला काही म्हणता काही आठवत नव्हतं. टाकीजवळच्या सिग्नलला आपण खरंच थांबलो होतो का, हा प्रश्न तिला रोज पोखरत होता.

दिराने चलान वाचलं. "वहिनी, हरकत घेऊ. पेशंट गाडीत होता म्हणून लिहायचं, दंड माफ होईल."

"आधी त्यातला फोटो दाखव," सासूबाई म्हणाल्या.

फोटोत दिवा लालभडक होता आणि गाडी पांढरा पट्टा ओलांडून पार चौकात घुसली होती. शलाकाचा उजवा हात स्टिअरिंगवर होता, डावा सासऱ्यांच्या छातीवर.

सासूबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"हरकत नको, भाऊजी," शलाकाच म्हणाली. "सिग्नल मी तोडलाय. दंड भरू."

दिराने कागदासाठी हात पुढे केला, पण सासूबाई तो सोडेनात.

"एवढा फोटो मला कापून दे, शलाका," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या ज्यांच्याकडे तुझ्याबद्दल वाईट बोलले, त्यांच्या घरी जाऊन दाखवते."