दोन वेण्या

शर्वरी ब्लड कॅन्सरमधून बरी होऊन अडीच वर्षं झाली, तेव्हा संस्थेच्या शोभाअक्का जुन्या हुबळीतल्या तिच्या घरी फॉर्म घेऊन आल्या. आजारातून उठलेल्या मुलांची एक इच्छा पुरवायची, हे संस्थेचं काम. आणि ती इच्छा मुलानंच सांगायची, हा नियम.

"सायकल लिहा," आई म्हणाली.

"तुम्ही नाही वैनी, तिला बोलू दे. सांग पुट्टी, काय हवं तुला?"

शर्वरीनं आईकडे पाहिलं. "विग."

अक्का हसल्या. "अगं वेडे, आता कशाला विग? किती छान दोन वेण्या आल्यात!"

"शुक्रवारी तिरुपतीला जायचंय."

आईची मान खाली गेली. "ही जगावी म्हणून मी हिचे केस द्यायचा नवस बोलले होते, अक्का. देवानं त्याचा शब्द पाळला. आता मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

अक्कांनी फॉर्मवर 'विग' लिहिलं. "केवढा लांब हवा, बाळा?"

शर्वरीनं दोन्ही वेण्या पुढे घेतल्या आणि त्यांच्यासमोर धरल्या.

"आत्ताच मोजून घ्या."