दुसऱ्या सिलिंडरमधलं पाणी

तुडीलच्या काशीरामच्या होडीचं इंजिन उबेदने खाडीपासून लांब, नाते गावातल्या आपल्या गॅरेजात आणून खोललं होतं. दुसऱ्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत होतं. गॅस्केट शाबूत होतं, चीर कुठेच नव्हती. त्याने सिलिंडर कोरडा पुसला.

काल दुपारी टेबलावरच त्यात चार बोटं पाणी चढलं, संध्याकाळी आपोआप ओसरलं. जिभेला खारट लागलं.

आज ते पुन्हा चढू लागलं. आखातात वीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला उबेद बघत बसला. मग त्याने फोन लावला.

"काशीराम, खाडीला भरती हाय का रे?"

"हाय ना, उबेदभाई. अजून दोन तास चढंल. आज उधाण हाय, धक्का बुडंल."

पाणी सिलिंडरच्या काठाला लागलं होतं.

उबेदने मागच्या घरात बायकोला हाक मारली, "महरुन्निसा, पोरींना घेऊन माळ्यावर जा."